उन्हाळ्यात बेटावर जायचंय? आधी तिथी बघा

पहिल्यांदा मी गेले ती रविवारी. माझं शिवणकामाचं दुकान आहे. चैत्र-वैशाखात लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग पडतो आणि मान वर करायला मिळतो तो एकच दिवस, रविवार. होडीवाल्या तात्यांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं, डबा घेतला, टोपी घेतली आणि साडेअकराला बेटावर उतरले. खडक तव्यासारखे तापलेले. पाणी थोडंसं मागे सरकलेलं, पण त्यापुढे हलायला तयार नाही. दोन तासांत एक कावळा, तीन रिकामे शंख आणि एक खेकडा दिसला. खेकडा मला बघून बिळात गेला तो गेलाच. परतताना तात्या म्हणाले, "आज अष्टमी असा गो. भांगाचा पानी. तुका काय दिसतला?"

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस खंय?"

मी मूळची घाटावरची, लग्न होऊन कोकणात आले. भरती-ओहोटी म्हणजे समुद्र दिवसातून दोनदा आत-बाहेर करतो एवढंच ठाऊक होतं. तो किती आत-बाहेर करतो, हे दर दिवशी वेगळं असतं, आणि उन्हाळ्यात बेटावर काय दिसेल ते जवळजवळ सगळं त्यावर ठरतं, हे त्या रविवारी कळलं. तेव्हापासून सुट्टी बघून जात नाही, तिथी बघून जाते. दुकान त्या दिवशी दहाऐवजी अकराला उघडतं. गिऱ्हाइकं आता विचारतात, "काय, काल अमावास्या होती का?"

तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी सव्वादोनला आणि पहाटेही साधारण त्याच वेळेला. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. रोज वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो.

आता अष्टमी घ्या. आठ पाऊणे सहा. भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. त्यात अष्टमीला चंद्र आणि सूर्य पाण्याला एकमेकांशी काटकोनात ओढत असतात, त्यामुळे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. यालाच भांग म्हणतात. माझा पहिला रविवार असा दोन्ही बाजूंनी फुकट गेला होता.

आपल्याला हवं ते उधाण. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्य एका रेषेत येतात, भरती उंच चढते आणि ओहोटी तितकीच खोल जाते. सगळ्यात खोल ओहोटी त्याच दिवशी नसते, एक-दोन दिवस मागाहून येते. म्हणून माझे दिवस ठरलेले: प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. महिन्यातून दोनदा हे तीन दिवस येतात आणि तेव्हा ओहोटीचा तळ सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान सापडतो. ऊन कोवळं असतं, खडक थंड असतात, आणि दुकानही बुडत नाही. मे महिन्यात आणखी एक फायदा आहे. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, आणि या दिवसांत सकाळची ओहोटी संध्याकाळच्या ओहोटीपेक्षा बरीच खोल जाते. हिवाळ्यात उलटं असतं. म्हणून मेमध्ये "संध्याकाळी उन्हं उतरल्यावर जाऊ" असं कुणी म्हणालं तर त्याला जाऊ द्या, तुम्ही सकाळीच जा.

पाऊणपटीचा हिशेब अंदाजाचा आहे. मुंबई आणि मालवणच्या वेळेतच फरक पडतो, मालवणकडे भरती थोडी आधी लागते. मिनिटांवर काम असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, आणि मोबाइलवरही जवळच्या बंदराची वेळ मिळते. मी दोन्ही बघते. कापड दोनदा मोजायची सवय आहे, ती इथेही कामाला येते.

कुठलं बेट

मी जाते त्या बेटाचं नाव सांगणार नाही. तिथे पक्षी अंडी घालतात आणि गेल्या काही वर्षांत रील काढणारे कुठेही पोचतात. पण नवख्या माणसाने सुरुवात करायला सोप्या जागा आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग होडीने. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर आहे त्याच्या आजूबाजूचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या थोडा वर, आणि त्या उथळ पाण्यात प्रवाळही आहे. लोक महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघून तटावरून फिरतात नि परततात. तटाच्या बाहेरच्या खडकांकडे फारसं कुणी वळत नाही.

वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात जे खडकाळ बेटांचं टोळकं आहे, दीपगृह असलेलं, तिथे मात्र उतरायचा हट्ट धरू नका. तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. हा पक्षी आपल्या लाळेने घरटं बांधतो, आणि अंधाऱ्या गुहेत टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतो. घरट्यांची परदेशात किंमत येते म्हणून इथे चोऱ्या झाल्या आणि मग चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने राखणीचं काम हाती घेतलं. उन्हाळ्यात त्याच खडकांवर सुरय पक्षीही घरटी करतात. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींनी या जागेच्या पाकोळ्या आणि सुरय यांच्याविषयी १९४० च्या सुमारासच लिहून ठेवलंय. होडीतून, लांबून, दुर्बिणीने बघितलं तरी पोट भरतं.

बरोबर काय घ्यायचं

पायात मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. चप्पल नको. खडकांवर कालवं, म्हणजे एक जातीचे शिंपले, चिकटलेली असतात, त्यांची फुटकी कडा माझ्या कात्रीपेक्षा धारदार. एकदा तळपायाला अशी लागली की दोन आठवडे मशीनचं पायडल डाव्या पायाने मारत होते.

दोन-तीन लिटर पाणी, टोपी, मीठ-साखर. वही आणि पेन्सिल. पेन दमट कागदावर रुसतं. शिट्टी. दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीस पुरते, नसेल तर पहिल्या काही फेऱ्यांना अडत नाही.

आणि एक पारदर्शक प्लास्टिकचा डबा, सपाट बुडाचा, लाडू-चिवड्याचा असतो तसला. ही माझ्या सगळ्या सामानातली सगळ्यात कामाची वस्तू. खडकातल्या डबक्यावर आभाळाची चकाकी असते आणि वाऱ्याने पाणी थरथरतं, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. डबा पाण्यावर अलगद टेकवायचा, बूड बोटभर बुडवायचं आणि वरून आत बघायचं. चकाकी जाते, थरथर जाते, तळाची वाळू कण-कण दिसते. डब्यात पाणी भरून प्राणी टाकायचा नाही, ते वेगळं. तसं केलं की उन्हात ते पाणी चहासारखं तापतं.

उतरल्यावर

ओहोटीच्या तळाच्या दीड तास आधी बेटावर असा. पाणी उतरत असताना त्याच्यामागून खाली जायचं आणि तळाची वेळ झाली की पाठ फिरवायची. घड्याळात गजर लावा. "अजून पाच मिनिटं" म्हणत मी एकदा एका खडकावर अडकले. मागची घळ भरली होती आणि पाणी गुडघ्याच्या वर होतं. बुडण्यासारखं नव्हतं, पण तळ न दिसणाऱ्या पाण्यातून कालवांवर पाय टाकत परतताना सगळे देव आठवले.

खडकाकडे आधी लांबून बघा. त्याला पट्टे असतात, साडीला काठ असतो तसे. सगळ्यात वर काळपट पट्टा, जिथे फक्त लाटांचे तुषार पोचतात. तिथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी फटींत गोळा होऊन बसलेल्या. त्याखाली बार्नॅकल, म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेले कवचाचे इवले जीव, पांढरट, खरखरीत. मग कालवांचा पट्टा. त्याखाली शेवाळ, आणि अगदी खाली, जो भाग उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, तिथे खरी गर्दी. जो प्राणी जितका वर तितका त्याला उन्हाचा आणि कोरडेपणाचा सराव जास्त. खालच्यांना तो नाही. भांगाच्या दिवशी हा खालचा काठ पाण्यातच राहतो. अष्टमीला मला काय दिसणार होतं!

त्या खालच्या काठावर खडकाला बटणं शिवल्यासारखं काही दिसेल, शेकडो, एकमेकांना चिकटून, तपकिरी-हिरवी. ते झोअँथिड, समुद्रफुलांचे भाऊबंद. पाणी आलं की प्रत्येक बटण उघडतं आणि कडेने झालर निघते. बोट लावू नका. यांच्यातल्या काही जातींत भयंकर विष असतं आणि हाताला चीर असेल तर ते महागात पडतं. समुद्रफूल पाण्याबाहेर राहिलं तर ओलसर लाल-तपकिरी गोळा दिसतो, फेकलेल्या जेलीसारखा. त्यावर पाय पडू देऊ नका.

आता एक डबकं निवडा. एकच. ही गोष्ट मला शिकायला दोन वर्षं लागली. मी आधी एका डबक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत फिरायची आणि "काही नाही इथे" म्हणायची. आपली सावली पडली की सगळे लपतात. म्हणून सूर्य तोंडासमोर ठेवून बसा, सावली पाठीमागे पडेल असं, आणि पंधरा मिनिटं हलू नका. पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग एक दगड चालायला लागतो.

एकदा असं बसले असताना डबक्यात सहा-सात शंख होते. मला वाटलं गोगलगायी. मग एकाच्या तोंडातून दोन लाल मिशा आल्या, निळसर पाय आले, आणि कळलं की हे शंखातले खेकडे. यांच्या पोटाचा भाग मऊ, उघडा. त्यावर दुसऱ्याच्या मेल्या गोगलगायीचा शंख घालून फिरायचं, आणि वाढलं की मोठा शंख शोधायचा. डबक्याच्या कडेला एक रिकामा शंख पडला होता, तो मी दोन बोटांनी आत सरकवला. जो सगळ्यात घट्ट शंखात होता तो आला. आधी मिशांनी चाचपलं. मग नांगी आत घालून खोली बघितली. शंख गोल फिरवला, तोंडाच्या कडेवरून नांगी फिरवली, जशी मी गळ्याच्या कडेवरून टेप फिरवते. मग क्षणात, माझी पापणी लवली असेल तेवढ्यात, एका शंखातून निघून दुसऱ्यात. बसून बघितलं, दोन पावलं चालला, आणि परत जुन्यात! अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात. तिसऱ्या वेळी मात्र नव्यात गेला आणि राहिला. त्याचा सोडलेला शंख लगेच त्याच्याहून लहान खेकड्याने धरला, आणि त्याचा सोडलेला आणखी लहानाने. एका शंखावर तीन घरं बदलली. माझी पंधरा मिनिटं पाऊण तासाची झाली होती.

म्हणून रिकामे शंख बेटावरून आणू नका. सुंदर असतात, मान्य. पण ते कुणाचं तरी पुढचं माप आहे. प्रवाळाचा तुकडा आणि समुद्रकाकडी तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, त्यांना हात लावणं गुन्हा आहे. आणि चिरूटासारखा निमुळता, नक्षीदार शंख जिवंत दिसला तर नुसतं बघा. शंकूशंखाला विषारी बाण असतो आणि काही जातींचा माणसालाही जीवघेणा ठरतो.

दगड उलटायचा असेल तर दोन हातांनी, आपल्या दिशेला उचलून, म्हणजे खालून जे पळेल ते आपल्या पायांकडे नाही, पलीकडे पळेल. खाली तारामाशांचे सडपातळ, सापासारख्या हातांचे भाऊबंद असतात, चपटे खेकडे असतात, क्वचित एखादं अष्टपाद. बघून झालं की दगड होता तसाच, होता त्याच बाजूने ठेवायचा. उलटा ठेवला तर वरचं शेवाळ अंधारात कुजतं आणि खालचे प्राणी उन्हात भाजतात. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी किती दगड उलटे टाकून आले असेन, मोजदाद नाही.

वाळूवरचं नक्षीकाम

बेटाला वाळूचा तुकडा असेल तर ओहोटीनंतर तासाभराने तिकडे जा. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या ते ज्वारीएवढ्या हजारो गोळ्या, मधल्या एका छिद्रापासून किरणांसारख्या रांगांत मांडलेल्या. कशिदा म्हणावा असा. करणारा खेकडा बोटाच्या नखाएवढाही नसतो. तो वाळू तोंडात घेतो, कणांवरचं खाण्यासारखं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. खाता खाता बिळापासून दूर जातो, पण मधली वाट मोकळी ठेवतो. सावली हलली की त्याच वाटेने सरळ घरी. मी एकदा टेपने मोजलं, वाट वीतभर लांब आणि रुंदी त्याच्या अंगाला जेमतेम पुरेल एवढी. भरती आली की सगळं पुसतं आणि पुढच्या ओहोटीला नव्याने.

वर, कोरड्या वाळूत मोठी भोकं दिसतील, बांगडीएवढी. ती देठावर डोळे असलेल्या भुरकट खेकड्याची. वाळूचा रंग आणि त्याचा रंग एक, त्यामुळे तो धावेपर्यंत दिसत नाही आणि धावला की डोळा पोचत नाही. याला बघायची वेळ पहाट किंवा तिन्हीसांज. भोकापासून सात-आठ पावलांवर बसून राहायचं. पाय आपटू नका, त्याला जमिनीची थरथर कळते.

पक्षी

उन्हाळ्यात कोकणात पक्षी नसतात, सगळे हिवाळ्यातच, असं लोक सांगतात. अर्धं खरं आहे. कुरवांचे, म्हणजे सीगलांचे, थवे एप्रिलपर्यंत उत्तरेकडे निघून जातात. पण जायच्या आधी चिखल्या आणि तुतारी पक्षी कपडे बदलतात, आणि ते बघायला एप्रिलच लागतो. जानेवारीत मळक्या करड्या रंगाचा असतो तोच चिखल्या एप्रिलमध्ये छातीवर विटकरी पट्टा बांधून उभा. मला पहिल्यांदा वाटलं ही दुसरीच जात.

राहणाऱ्यांत सगळ्यात देखणा काकण, म्हणजे समुद्री गरुड. अंग पांढरं, पंख करडे, आणि आभाळात तरंगताना पंख वर उचललेले, पसरट इंग्रजी व्हीसारखे. घारीचे पंख असे दिसत नाहीत, त्यावरून लांबूनही ओळखता येतो. वर्षानुवर्षं त्याच झाडावर काटक्या घालत घरटं वाढवतो. एप्रिल-मेपर्यंत पिल्लं उडायला लागलेली असतात, तपकिरी, आईबापांसारखी अजिबात न दिसणारी, आणि ओरडून खायला मागणारी. घरट्याच्या झाडाखाली जायचं नाही. पण ज्या झाडावर तो नुसता बसतो त्याच्याखाली माशांची हाडं आणि कधी समुद्रसापाचे मणके मिळतात. समुद्री बगळाही शोधा. एकाच जातीत कुणी राखाडी, कुणी शुभ्र, आणि दोघे एकाच खडकावर.

आता महत्त्वाचं. एप्रिल ते जून उघड्या खडकावर, वाळूवर, दगडगोट्यांत अंडी असतात. घरटं म्हणून काही नसतं, नुसता खळगा, आणि अंड्यांचा रंग गोट्यांचा. टिटवी तर घातली अंडी डोळ्यांसमोर असली तरी दिसू देत नाही. ती मेच्या उन्हात पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, त्यांना थंड ठेवायला. हे मी दुर्बिणीतून पाहिलंय: डबक्यात उतरली, बसली, उठली, थेंब गाळत चालत गेली. आता विचार करा, तिला आपण वीस मिनिटं अंड्यांवरून उठवून ठेवलं तर आत काय होईल.

जवळ गेल्याची खूण सोपी आहे. सुरयांचा सगळा घोळका एकदम उठतो, डोक्यावर घिरट्या घालून किंचाळतो, एखादा टोपीपर्यंत सूर मारतो. लोकांना वाटतं, वा, काय दर्शन झालं. दर्शन नाही, ती हाकलपट्टी आहे. आल्या पावली, आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत मागे फिरायचं, कारण पुढे कुठे अंडं आहे ते आपल्याला दिसत नाही. लांब जाऊन बसा. पक्षी पाच मिनिटांत खाली आले तर अंतर ठीक. नाही आले तर आणखी मागे. कावळे हे सगळं बघत असतात आणि राखण नसलेलं अंडं उचलायला त्यांना मिनिटही लागत नाही.

कासवं

कासवांसाठी बेटापेक्षा किनारा बरा. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी राखतात. वेळासला हे काम २००२ साली सुरू झालं. मादी थंडीत अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, म्हणजे मार्च-एप्रिल हा बघायचा हंगाम. वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्या जास्त, कमी तापली तर नर. ओडिशात २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, ही बातमी मी कापून दुकानात चिकटवली आहे. तुम्हाला बेटावरच्या वाळूत रात्री पिल्लं निघालेली दिसली तर एकच करा: टॉर्च विझवा. ती उजेडाकडे चालतात, आणि त्यांच्यासाठी उजेड म्हणजे समुद्र असायला हवा.

समुद्राची नड

निरभ्र आभाळ म्हणजे शांत समुद्र नव्हे. एप्रिल-मेमध्ये दूर दक्षिणेच्या महासागरात वादळं होतात आणि तिथल्या लाटा काही दिवसांनी आपल्या खडकांवर येऊन आदळतात. इथे वाऱ्याची झुळूकही नसते. मे २०२४ च्या सुरुवातीला असा इशारा आपल्या किनाऱ्यालाही होता. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हे इशारे देते, निघायच्या आदल्या रात्री बघा. होडीवाला नको म्हणाला तर घासाघीस करू नका.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेलं असेल तर सरकून जातं. काटा लागलाच तर पाय सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, दुखणं उतरतं, आणि मग डॉक्टर. समुद्रसाप वाळूवर पडलेला दिसला तर मेलेला समजू नका.

डॉल्फिन दिसले तर नशीब. सकाळच्या सपाट पाण्यात पाठीला उंचवटा असलेले, सावकाश वर येऊन पुन्हा बुडणारे. तात्या इंजिन मंद करतात आणि होडी आडवी ठेवतात. मागे लागणाऱ्या होड्यांना काय दिसतं, तर शेपटी. आम्हाला दोनदा ते स्वतःहून जवळून गेले.

परतताना

पिशवी, खिसे, बूट झटकून बघायचे. हे मी उगाच सांगत नाही. भाची बरोबर आली होती, तिने एक इवलासा पट्टेरी शंख, "रिकामा आहे मावशी, मी आत बघितलं", म्हणून खिशात टाकला. घरी येऊन माझ्या बटणांच्या डब्यात ठेवला. रात्री दीडला डब्यातून खरखर. मला वाटलं उंदीर. झाकण उघडलं तर शंख चार पायांवर उभा, आणि एका मोत्याच्या बटणाला नांगीने उलटंसुलटं करून बघतोय. ओल्या फडक्यात गुंडाळून उरलेली रात्र काढली आणि पहाटे तात्यांना फोन लावला. त्यांनी आधी हसून घेतलं, मग म्हणाले, "आज पंचमी असा, पानी दहाक सुकतला. ये."

मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रवासी होड्या बंद होतात आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारीही. तात्या होडी वर ओढून झापांनी शाकारतात. माझ्या कॅलेंडरवर वैशाख अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला शेवटचा गोल असतो, तो दिवस मेअखेरच्या आत पडत असेल तर. त्यानंतरचे गोल थेट गणपती झाल्यावर.